नऊची शाळा, साडेबाराला घरी: तासांचा हिशोब कुणी लावलाय का? (सोलापूर)

जुळ्यातली_आई | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणारे, आधीच सांगते.

माझी दोन्ही लेकरं गावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आहेत. मोठी सातवीत, धाकटा तिसरीत. आम्ही राहतो शहराच्या जुळे सोलापूर भागात. शाळेची इमारत एकच आहे, सकाळी प्राथमिक भरतं आणि दुपारी त्याच वर्गात हायस्कूल. गावातल्या बऱ्याच जुन्या शाळा अशाच चालतात ते इथल्यांना काय सांगायचं.

गेल्या वर्षीपर्यंत धाकट्याची शाळा ७:२० ते ११:५० होती. सहाला उठवायचं, अर्धवट झोपेत दूध पाजायचं, आणि त्यात पाणी यायचा दिवस असला की विचारू नका. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही नेमका पहाटे, म्हणजे एका हातात पाइप आणि एका हातात ह्याचा मोजा. जूनमध्ये नोटीस आली की शासनाच्या नियमाप्रमाणे चौथीपर्यंतची शाळा आता ९ वाजता भरेल. मी पेढे वाटायचेच बाकी होते. सुटायची वेळ काही नीट वाचली नाही. ती होती १२:२५. कारण साडेबाराला हायस्कूल भरतं, तेच बाक, तेच वर्ग.

म्हणजे साडेचार तासांची शाळा तीन तास पंचवीस मिनिटांवर आली. मला हे जूनमध्ये कळायला पाहिजे होतं, पण कळलं परवा, गणपती झाल्यावर, वह्यांना कव्हर घालताना. गेल्या वर्षी मराठीची शंभर पानी वही गणपतीपर्यंत संपली होती. यंदा निम्मी कोरी. आणि जी भरलेली पानं आहेत त्यावर वर तारीख, वार, धड्याचं नाव एकदम टापटीप, खाली अडीच ओळी आणि बाईंच्या लाल पेनने ‘अपूर्ण’. सलग पाच पानं अपूर्ण. त्याला विचारलं का रे लिहीत नाहीस, तर म्हणतो ‘आई मी लिहितो, पण घंटाच होते’.

मधली सुट्टी वीस मिनिटांची. खिचडीच्या रांगेतच संपते.

तर प्रश्न असा की शाळा किती तास चालली पाहिजे याचा काही नियम आहे का नाही? का फक्त कितीला भरली पाहिजे एवढाच आहे?

भाकरी_शेंगाचटणी | रविवार, रात्री ११:०५

काय बे, आमच्या वेळी सात ला शाळा, सात ला म्हणजे सात ला, उशीर झाला की गेटवर कोंबडा. कुणाची झोप मोडली नाही की काय नाही. आता पोरं रात्री बारापर्यंत मोबाईल बघूलालेत आणि सकाळी झोप पाहिजे म्हणे.

जुळ्यातली_आई | रविवार, रात्री ११:११

अहो दादा मी झोपेबद्दल लिहिलंच नाहीये. सुटायच्या वेळेबद्दल लिहिलंय. वाचा की पूर्ण.

पुणेकर_झालेला | सोमवार, सकाळी ८:५०

सरळ माहितीचा अधिकार टाका शाळेवर. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. सोलापुरात लोकं नुसती चर्चा करत बसतात.

भाकरी_शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ९:०२

आणि पुण्यात जाऊन सोलापूरच्या धाग्यावर चर्चा करत बसतात मालक.

निवृत्त_खडू | सोमवार, दुपारी ३:२०

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि वही हा पुरावा तर फारच चांगला आहे. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून, दोन सत्रांचीच शाळा होती, त्यामुळे हे दुखणं मला आतून माहितीये. जरा सविस्तर लिहितो.

वेळेचे नियम एका ठिकाणी नाहीत, तीन-चार ठिकाणी विखुरलेत, आणि प्रत्येक शाळा आपल्याला सोयीचा तेवढा वाचते.

पहिला म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, मैदान, ग्रंथालय, वर्गखोल्या वगैरे सगळं त्यात आहे. तिथेच लिहिलंय की पहिली ते पाचवीला वर्षात कमीत कमी २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. दिवस आणि तास दोन्ही. हे ‘दोन्ही’ लोक विसरतात. शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास आहेत, त्यात पाठाची तयारी धरलेली आहे.

दुसरी आपली माध्यमिक शाळा संहिता. त्यात ५२.२ म्हणून नियम आहे, शाळेचे कामाचे दिवस किमान २३० झाले पाहिजेत. आणि वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या, म्हणजे उन्हाळा, दिवाळी, सणवार, मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या स्थानिक, सगळ्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नयेत, रविवार सोडून. ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या काढल्या की २३७ राहतात. सात दिवस हातात. ते सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, निवडणुकीचं बूथ, एखादी अतिवृष्टी यातच जातात.

तिसरं तुमच्या नऊ वाजताचं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात मुलांच्या झोपेचा विषय काढला, त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनाचं परिपत्रक आलं. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा, सगळी माध्यमं, सगळी व्यवस्थापनं, २०२४-२५ पासून. आता नीट वाचा. त्याच परिपत्रकात असंही आहे की वेळ बदलताना शिक्षण हक्क कायद्यातल्या अध्यापनाच्या कालावधीला बाधा येणार नाही याची काळजी घ्यायची. आणि ज्या शाळेला वेळ बदलणं अगदीच शक्य नाही तिथे शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रकरण बघून मान्यता द्यायची, ही पण सोय आहे.

म्हणजे तुमच्या शाळेने परिपत्रकाचं पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं सोडलं.

आता हिशोब. ९ ते १२:२५ म्हणजे २०५ मिनिटं. मधली सुट्टी २० वजा, १८५. परिपाठ १५ धरला तर १७०. दोनशे दिवसांचे झाले ५६६ तास. चला २३० दिवस धरू, तरी ६५१. परिपाठ पण शिकवण्यात धरा, तरी ७०९. आणि यात मी शनिवार पूर्ण धरलाय, जो कुठेच पूर्ण नसतो. कसंही ओढा, ८०० होत नाहीत.

जुनी वेळ ७:२० ते ११:५०, सुट्टी २५, परिपाठ १५, रोजचे २३० मिनिटं, गुणिले २३०, झाले ८८१ तास. तेव्हा तुमचा मुलगा झोपेत होता पण तास भरत होते.

माहितीच्या अधिकारात लगेच जाऊ नका. आधी भेटा, बोला. बिचारा मुख्याध्यापक दोन्हीकडून मार खातोय हे लक्षात घ्या.

जुळ्यातली_आई | सोमवार, दुपारी ४:०१

सर काय लिहिलंय हो. मी हे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. कोरी पानं आहेतच म्हणा.

व्हॅनमामा_सोळासीटर | सोमवार, रात्री ८:१५

मी शाळेची व्हॅन चालवतो म्हणून लिहितो. १२:२५ ला सुटते आणि १२:३० ला भरते याचा अर्थ काय ते गेटवर येऊन बघा एकदा. एक लोंढा बाहेर येतो, एक आत जातो, मधे आम्ही, मधे आईबाप गाड्या घेऊन, मधे आइसफ्रूटवाला. पाच मिनिटं दिलीत. लहान पोरगं ते दप्तराच्या मागे दिसत पण नाही. परवा एकाचा बूट राहिला रस्त्यात, दुसऱ्या दिवशी मी आणून दिला.

आधी सकाळी सात ची एक ट्रिप, साडेअकरा-बारा ला लहान घेऊन जायचं तेच मोठे घेऊन यायचं, निवांत. आता नऊ ची ट्रिप ऑफिसच्या गर्दीत. आसरा चौक ते सात रस्ता विचारू नका. डिझेल तेवढंच, वेळ दुप्पट.

पूर्वभाग_बॉय | सोमवार, रात्री ९:३०

सगळे नऊ चांगलं नऊ चांगलं म्हणूलालेत म्हणून लिहितो. आमच्या अक्काची पोरगी पहिलीत, तेलुगू माध्यम, इकडे आमच्या भागातच. अक्का विड्या करते. सकाळी कारखान्यात विड्या द्यायला जावं लागतं, मोजून देणार, छाट म्हणजे नापास विड्या निघणार, मग पानं-तंबाखू घेऊन परत यायचं, तिथे वेळ सांगता येत नाही. भावजी यंत्रमागावर. सात ची शाळा होती तेव्हा अक्का जाता जाता पोरीला सोडायची. आता सात ते नऊ पोरगी कुणाकडे? शेजारच्या आजीकडे. आजी झोपलेली असते. पोरगी दारात बसते दप्तर घेऊन. झोप बीप काय नाय, ती साडेसहालाच उठते, आई उठली की घरात सगळेच उठतात, एक खोली आहे.

हा नियम ज्यांच्या घरी सकाळी कुणीतरी माणूस असतं त्यांच्यासाठी केलाय असं माझं मत आहे. चुकत असलो तर सांगा.

जुळ्यातली_आई | सोमवार, रात्री ९:४४

नाही भाऊ, चुकत नाही. मी हा विचारच केला नव्हता. मी शिवणकाम घरीच करते म्हणून मला नऊ सोयीचं.

झेडपीची_बाई | मंगळवार, रात्री १०:१०

शहरातल्या लोकांचं ऐकून मजा वाटते, रागावू नका. मी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे इमारत दिवसभर मोकळी, वेळ साडेदहा ते पाच, कागदावर हजारच्या वर तास निघतील. खडू सर आनंदाने नाचतील.

पण वर्ग चार आणि आम्ही दोघी. मी पहिली-दुसरी घेते. पहिलीला काडीने अक्षर गिरवायला शिकवते तेव्हा दुसरी ‘पाढे लिहा’ वर असते. म्हणजे पाच तास शाळेतले निम्मे तास प्रत्येक वर्गाला. हे तास कुठल्या अनुसूचीत मोजायचे सांगा? त्यात किती तांदूळ शिजला, किती पोरं जेवली हे रोज मोबाईलवर भरायचं, रेंज नाही म्हणून मी मारुतीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन भरते. मग मतदार यादी. मग सर्वेक्षण. कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका, पण ‘निवडणूक’ या एका शब्दात वर्षभराची कामं मावतात हो.

आणि दिवाळीनंतर माझ्या वर्गातली पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. हंगाम संपवून मार्चमध्ये येतात तेव्हा हजेरीपट त्यांना ओळखत नाही आणि ती मला. शाळेचे २३० दिवस भरतात. त्या पोराचे किती भरले?

राग आला म्हणून लिहिलं. ताईंचा मुद्दा योग्यच आहे.

निवृत्त_खडू | मंगळवार, रात्री १०:५५

बाई, नाचणार नाही. तुमचं खरं आहे. शाळेचं घड्याळ आणि मुलाचं घड्याळ वेगळं असतं, तपासणीला फक्त शाळेचं दाखवतात. आम्ही पण तेच दाखवलं, खोटं कशाला बोलू. वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात २३२ दिवस लिहायचे, गड्ड्याच्या आठवड्यात वर्गात अकरा पोरं असली तरी तो ‘कामाचा दिवस’. नंदीध्वजाची मिरवणूक असताना कोण येणार शाळेत, मीच गेलो असतो.

पुणेकर_झालेला | बुधवार, सकाळी ९:१५

एक शंका. उन्हाळ्यात तर परत सकाळची शाळा होते ना? मग नऊच्या नियमाचं काय होतं?

निवृत्त_खडू | बुधवार, दुपारी १२:४०

चांगला प्रश्न विचारलात, पुण्यात राहून. २०२५ च्या मार्चअखेर उन्हामुळे राज्यभर एकच वेळ काढली, प्राथमिक सकाळी ७ ते ११:१५ आणि माध्यमिक ७ ते ११:४५. म्हणजे वर्षभर झोपेसाठी नऊ, आणि उन्हाळ्यात उन्हासाठी सात. दोन्हीला कारण आहे, मी हसत नाहीये. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवणं हा गुन्हाच. पण एक इमारत आणि दोन सत्रं असतील तर दोघांनाही सात वाजता बसवायचं कुठं? एकाला गच्चीवर? ज्याने ते काढलं त्याच्या डोळ्यापुढे एकसत्री शाळाच असणार.

त्याच वर्षी आणखी एक झालं, पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा एकाच वेळापत्रकाने ठेवल्या. पालकांनी उन्हाच्या नावाने बोंब मारली. पण कारण मला पटतं, बऱ्याच शाळा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षा उरकायच्या आणि मग महिनाभर पोरं फिरकायचीच नाहीत, शाळा आपली कागदावर चालू. तुमच्या ८०० तासांतले पुष्कळसे त्या एप्रिलमध्ये वाहून जायचे.

भाकरी_शेंगाचटणी | बुधवार, दुपारी १:१०

सर तुम्ही लई हुशार बे. एक विचारू का, मग ह्या ताईंच्या शाळेने काय करायचं? पहिलं सातला भरलं तर नियम मोडतोय, नऊला भरलं तर तास मोडतोय.

निवृत्त_खडू | बुधवार, दुपारी १:३५

तीन वाटा दिसतात मला. एक, शिक्षणाधिकाऱ्यांकडे रीतसर मान्यता मागून जुनी वेळ चालू ठेवायची, पूर्वभागच्या भावांच्या शाळेला हीच बरी. दोन, हायस्कूल पुढे ढकलायचं. तीन, ज्या खोल्या दुपारी रिकाम्या असतात, चित्रकला हॉल, ग्रंथालय, तिथे तिसरी-चौथी थोडी उशिरापर्यंत ठेवायची. तिसरी वाट सगळ्यात सोपी दिसते आणि सगळ्यात अवघड असते, कारण त्या खोल्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे असतात.

ताई, शाळा व्यवस्थापन समिती आहे ना तुमच्याकडे? पाऊण सदस्य पालक असायला पाहिजेत, निम्म्या बायका. फक्त एक माहीत असू दे, अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देऊ शकते, आदेश नाही. २०१२ च्या दुरुस्तीत तसं केलंय. तरी कागदावर सल्ला आला की संस्थेला तो सहज टाळता येत नाही.

सातरस्ता_ताई | बुधवार, रात्री ८:२०

एक मिनिट. दुसरी वाट म्हणजे हायस्कूल पुढे ढकला. माझी मुलगी नववीत आहे अशाच शाळेत. साडेपाच-पावणेसहाला सुटते. पुढे ढकललं तर सहा-सव्वासहा. डिसेंबरात सहाला अंधार पडतो आपल्याकडे. सिटी बस कधी येईल त्याचा भरवसा नाही, सायकलवर येणाऱ्या मुली आहेत, त्यांनी अंधारात यायचं का, तर तिसरीच्या पोराची वही भरावी म्हणून?

मी भांडत नाहीये. पण कुणाचे तरी तास कुणाच्या तरी उजेडातून जाणार आहेत हे लिहायला पाहिजे होतं सरांनी.

जुळ्यातली_आई | बुधवार, रात्री ८:४८

ताई, ते माझ्याच घरात आहे हो. मोठी सातवीला त्याच शाळेत, दुपारच्या सत्रात. मी कालपासून हिशोब करत बसले तेव्हा तिने विचारलं काय करतेस, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे त्याच्यासाठी माझा क्लास बुडणार.’ तिचा तबल्याचा क्लास साडेसहाला असतो.

नियंत्रक | बुधवार, रात्री ९:००

धागा चांगला चाललाय. फक्त शाळेचं, संस्थेचं नाव कुणी लिहू नका, वर एक प्रतिसाद त्यासाठी काढलाय.

पूर्वभाग_बॉय | गुरुवार, रात्री १०:००

खडू सरांची पहिली वाट आमच्या शाळेत सांगितली. हेडसर म्हणाले अर्ज करू, पण पालकांच्या सह्या आणा. आता मी गल्लीत सह्या गोळा करलालोय. अर्ध्या बाया म्हणतात अंगठा चालतो का. चालतो म्हणलं.

जुळ्यातली_आई | वीस दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:३०

मंडळी अपडेट देते, उशीर झाला, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत ब्लाउजच्या.

समितीची बैठक झाली. मी वही नेली होती. नुसतं बोलून काही झालं नसतं, वही टेबलावर उघडून ठेवली आणि ती पाच अपूर्ण पानं फिरवली. तिसरीच्या बाई पण होत्या. मला वाटलं त्यांना राग येईल, त्यांच्याच लाल पेनचं आहे ना ते. पण बैठक झाल्यावर जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, ‘बरं झालं तुम्ही आणलीत, आम्ही बोललो की वाटतं आम्हाला काम नको.’ त्यांनी सांगितलं की तासिका पस्तीस मिनिटांवरून पंचवीसची झालीये, त्यात हजेरी, वह्या काढा, पाणी प्यायला जाऊ का बाई, शिकवायला पंधरा राहतात.

मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. त्यांनी फाइल दाखवली, नऊला भरवा म्हणून वरून विचारणा झाली होती. सुटायच्या वेळेबद्दल मात्र कुणी कधीच विचारलं नाही त्यांना.

चित्रकला हॉलची किल्ली मिळाली नाही, खडू सर म्हणाले तसंच. मग बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की दिवाळीनंतर प्राथमिक ९ ते १, हायस्कूल १:०५ ते ६:०५. परिपाठ दोन्हीकडे दहा मिनिटांत. हायस्कूलच्या पालकांनी विरोध केला, आणि मी त्या बाजूची पण पालक असल्यामुळे मला दोन्हीकडून बघत होते सगळे. डिसेंबर-जानेवारीत हायस्कूलची सुट्टी दहा मिनिटं कमी करून लवकर सोडायचं असं तोंडी बोलले, लिहून दिलं नाही.

मोठी दोन दिवस नीट बोलली नाही. तबल्याच्या सरांनी सातची बॅच दिलीये, पण त्यात सगळी मुलं तिच्यापेक्षा लहान आहेत असं तिचं म्हणणं.

निवृत्त_खडू | शनिवार, सायंकाळी ६:१०

शाबास. आता बघा, २४० मिनिटं, सुट्टी २० वजा, परिपाठ १०, राहिले २१०. गुणिले २३०. ८०५ तास. पाच तास वर!! हायस्कूलचे ३०० मधून ३५ गेले, २६५ गुणिले २३०, १०१५. सातवीचे पण बसतात. यंदाचे आधीचे महिने गेले ते गेले, पण पुढच्या जूनपासून हीच वेळ ठेवली तर बसतं.

सातरस्ता_ताई | शनिवार, सायंकाळी ६:३५

तोंडी बोलले ते लिहून घ्या हो ताई, प्लीज. डिसेंबर यायला वेळ लागत नाही.

झेडपीची_बाई | शनिवार, रात्री ९:२०

सर, तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात की शनिवार पूर्ण धरायचा नसतो. ८०५ मध्ये तो पूर्ण धरलाय ना?

निवृत्त_खडू | शनिवार, रात्री ९:५०

धरलाय. 🙏 पकडलंत.

शनिवारी साडेअकराला सोडलं, सुट्टी पंधरा आणि परिपाठ दहा धरला, तर त्या दिवशी १२५ च मिनिटं होतात. दर शनिवारी ८५ कमी, वर्षात कामाचे ३८ शनिवार धरले तर ५४ तास गेले. उरले ७५१. त्यात शासनाच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात गाणी, खेळ, ध्यान आहे, ते मी शिक्षणच मानतो, बाकीच्यांचं माहीत नाही.

ताई, शनिवारी शाळा कितीला सुटणार आहे?

जुळ्यातली_आई | शनिवार, रात्री १०:०५

ते विचारायचंच राहिलं. सोमवारी विचारते.

व्हॅनमामा_सोळासीटर | रविवार, सकाळी ७:४०

ताई शनिवारचं लवकर कळवा म्हणजे मला पोरांच्या आईबापांना सांगायला बरं. आणि एक वाजता सुटणार म्हणजे गेटवर परत पाचच मिनिटं ठेवलीत ना? ते पण विचारा.

जुळ्यातली_आई | रविवार, सकाळी ८:१५

लिहून घेतलं मामा, वहीच्या मागच्या पानावर.